सिस्टरांना विचारा : कोपीवरचं बाळ, पिशवीचं ऑपरेशन आणि इतर पत्रं

बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून लागलेल्या आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झालेल्या सिस्टर या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या वेळची बरीचशी पत्रं ऊसतोडीच्या हंगामातली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून दिवाळी झाल्या झाल्या टोळीबरोबर कोल्हापूरकडं गेले. नातू त्यांच्यासोबत आहे. त्याचा दीड महिन्याचा डोस गावात झाला, अडीच महिन्यांचा राहिला. आता तो चार महिन्यांचा होईल. सून तिथल्या सिस्टरकडं गेली, तर त्या म्हणाल्या, ‘तुमचं नाव आमच्याकडं नाही, गावी गेल्यावर घ्या.’ टोळी परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. शेजारीण म्हणते, इतका उशीर झाला की सगळे डोस पहिल्यापासून घ्यावे लागतात. खरं काय?
– एक आजी, पाटोदा तालुका

उत्तर : आजी, आधी शेजारणीचं बघू. पहिल्यापासून काहीही घ्यावं लागत नाही. झालेला डोस झालेलाच धरतात आणि जिथं थांबलं तिथून पुढं चालू करतात. दोन डोसांत निदान चार आठवड्यांचं अंतर लागतं, ते तर कधीच होऊन गेलंय. म्हणजे अडीच महिन्यांचा आता लगेच आणि त्यानंतर चार आठवड्यांनी साडेतीन महिन्यांचा.

पण ‘वाया जात नाही ना, मग घेऊ गावी आल्यावर’ असं मनात आणू नका. मांडीतल्या त्या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब नावाच्या जंतूपासून होणारा न्यूमोनिया-मेंदूज्वर, अशा पाच गोष्टींची लस असते. त्यातला डांग्या खोकला मोठ्या माणसाला नुसता हैराण करतो, तान्ह्या बाळाचा मात्र श्वास अडकवतो. कोप्या, म्हणजे तोडीवरच्या झोपड्या, एकमेकींना लागून असतात आणि एक पोर खोकलं की रांगच्या रांग खोकते. लशीची गरज तिथंच जास्त आहे.

आता त्या सिस्टरचं. तिनं सांगितलं ते चूक आहे. तिच्या हद्दीत जो राहतो तो तिचा, मग तो चार महिन्यांसाठी आलेला का असेना. वीटभट्ट्या, ऊसतोडीच्या कोप्या, बांधकामावरच्या वस्त्या, भटक्यांची पालं यांची लसीकरणाच्या आराखड्यात अतिजोखमीच्या जागा म्हणून वेगळी नोंद करायची असते आणि तिथं सत्र लावायचं असतं. तरी ती असं का म्हणाली ते मला कळतं. उपकेंद्र ५,००० लोकसंख्येमागं एक असतं, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० मागं. ती लोकसंख्या मोजतात गावातल्या रजिस्टरवरून. दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडच्या वाड्या ओस पडतात, दाराला कुलूप आणि ओसरीवर म्हातारी माणसं, तरी रजिस्टरात सगळे हजर. आणि तिकडच्या सिस्टरच्या माथी रातोरात शंभर कोप्या, ज्यांचं एक नावही तिच्या वहीत नाही. लस मागवताना ती स्वतःच्या यादीवरून मागवते. महिन्याच्या मीटिंगला उद्दिष्ट विचारतात तेही तिच्याच यादीचं. माणसं जिथं जातात तिथं त्यांची नोंद जात नाही, हे आमच्या खात्याचं जुनं दुखणं आहे. कामाच्या सगळ्या वर्षांत मी त्यावरून मीटिंगांमध्ये भांडले. अजून कोणी भांडत असेल तर तिला माझा पाठिंबा कळवा.

तुम्ही करायचं ते सांगते. नातवाचं कार्ड बहुतेक तुमच्याच ट्रंकेत असेल. हरवू नये म्हणून बायका ते गावी ठेवून जातात आणि नेमकं तिकडंच ते लागतं. कुणाकडून तरी दोन्ही बाजूंचा फोटो काढून सुनेला पाठवा. ‘कारखान्यावर’ आहोत असं आपण म्हणतो, पण कोप्या कारखान्यापासून लांब कुठल्या तरी गावाच्या शिवारात असतात. त्या गावाचं नाव मुकादमाला, म्हणजे टोळी नेणाऱ्याला, विचारा. मग सुनेनं त्या गावात सिस्टरला नाही, आधी आशाताईला गाठायचं. आशा हजार लोकसंख्येमागं एक असते आणि गावातच राहते, रात्री आठलाही भेटते. तिला एकट्या नातवाचं सांगू नका, टोळीत पाच वर्षांखालची पोरं किती आणि पोटुशा किती ते सांगा. एका बाळासाठी ‘या उपकेंद्रात’ म्हणणारी सिस्टर सात बाळांची यादी हातात पडली की लसीचा डबा घेऊन स्वतः येते. आणि हल्ली नोंद यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या ऑनलाइन वहीत, मोबाइल नंबरानं होते, ती कुठूनही उघडते. पण नंबर तोच द्यायला हवा. आपली माणसं दर हंगामाला सिम बदलतात, मग कुठला नंबर दिला होता हे बाप आठवत बसतो.

माझी काही काळ कारखान्याच्या पट्ट्यात बदली होती. सत्राची वेळ कागदावर सकाळी दहापासून. तेव्हा कोपीवर एखादी नऊ-दहा वर्षांची पोर आणि तिच्या कडेवर भावंडं, बस्स. आया पहाटे चारलाच फडात गेलेल्या, बाळ बांधाला झोळीत. म्हणून मी वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी काढून संध्याकाळचं सत्र लावलं. डब्यात चार आइसपॅक, मध्ये पिशवीत कुप्या. प्रत्येक कुपीवर एक गोल असतो आणि गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तरच लस द्यायची; दोन्हींचा रंग सारखा झाला की उष्णता लागली, कुपी बाद. दिवसा हे सहज दिसतं. तिथं चुलीच्या धुरात मोबाइलची बॅटरी धरून मी आणि आशा चौकोन बघत होतो आणि बाया बैलगाडीतून उतरून थेट रांगेला लागत होत्या, हातांवर पाचटाचे ओरखडे, तोंडही न धुतलेलं. सुई झाल्यावर मी ठरलेल्या चार गोष्टी सांगते : कुठली लस दिली, काय त्रास होईल, पुन्हा कधी यायचं, कार्ड सांभाळायचं. पहिली बाई मध्येच म्हणाली, ‘ताप येणार का ते सांगा आधी. उद्या खाडा पडला तर मुकादम दंड लावतो.’ ताप येऊ शकतो, एखाद-दोन दिवसांत उतरतो. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती आणि कधी द्यायचं ते प्रत्येकीला दोनदा सांगितलं, तिच्याकडून वदवून घेतलं. सुईच्या जागी काही चोळायचं नाही, शेकायचं नाही, हळद-तेल नाही. तुमच्या सुनेलाही एवढं सांगून ठेवा.

प्रश्न : मुलीला नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाच्या लसीला नेलं. सिस्टर म्हणाल्या, ‘अजून दोन-तीन बाळं येऊ द्या, नाहीतर पुढच्या सत्राला या.’ कुपी समोर होती, तरी दिली नाही. हा कामचुकारपणा नाही का?
– एक वडील, जामखेड

उत्तर : कामचुकारपणा म्हणणार नाही, काटकसर म्हणेन, आणि ती चुकीच्या जागी केलेली. गोवर-रुबेला आणि बीसीजी (टीबीवरची) या लसी कोरड्या भुकटीच्या असतात. सोबतच्या द्रावणात कालवल्या की चार तासांत संपवायच्या, उरलेली फेकायची. त्यात जंतू वाढू न देणारं औषध नसतं, म्हणून शिळी कुपी वापरली तर बाळाच्या जिवावर बेततं. एका कुपीत अनेक बाळांचे डोस. एकासाठी फोडली की बाकीचे वाया, आणि ‘वाया इतकं कसं?’ हा प्रश्न मीटिंगला तिलाच विचारतात. पण सूचना स्पष्ट आहे : बाळ एक असलं तरी कुपी फोडायची. लस वाया गेली तर नवी येते, परत पाठवलेलं बाळ पुन्हा येईलच असं नाही. पुढच्या सत्राला जा आणि हे तिला शांतपणे सांगा. नाही ऐकलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. आणि लस देताना कुपीवर फोडल्याची वेळ लिहिली आहे का तेवढं बघा. मागायचा हक्क आहे तुम्हाला. जामखेडकरांना हे मी काय सांगावं! डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथं काम सुरू केलं आणि खेड्यातल्या, शाळा न पाहिलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवून उभं केलं. त्यातल्या कुणी शेजारी असतील तर त्यांनाच सोबत घेऊन जा.

प्रश्न : माझं वय २८. दोन मुलं, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं. नवऱ्याबरोबर तोडीला जाते. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीत जास्त जातं. खासगी डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, गर्भपिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. जावेनं काढलीय, ती म्हणते सुटका होते. हंगामाच्या आत उरकावं असं घरचे म्हणतात. आमच्या गावच्या सिस्टरला यातलं काही कळतं का?
– पत्रलेखिका, वडवणी तालुका

उत्तर : कळतं. ऑपरेशन करायचं की नाही हे ती ठरवणार नाही, पण तुम्हाला कुठं न्यायचं आणि तिथं काय विचारायचं हे तिला चांगलं ठाऊक आहे. आज तिच्याकडं जा.

ताई, सोनोग्राफीत दिसलेली सूज म्हणजे कॅन्सर नव्हे. पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गानं होतं. त्याला गोळ्या आहेत, आणि कधी कधी नवऱ्यालाही घ्याव्या लागतात, नाहीतर तुमचं बरं झालेलं त्याच्याकडून परत येतं. तोडीवर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीचं कापड धुवायला-वाळवायला जागा नाही. संसर्ग वारंवार होणारच. कंबर दुखते ती मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनात चढता म्हणूनही. पिशवी काढल्यानं मोळी हलकी होत नाही.

कॅन्सरची भीती असेल तर तिची तपासणी सोपी आहे. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून बघतात, मिनिटाभरात बदल दिसतो, दुखत नाही. सरकारी कार्यक्रमात ती तिशीनंतरच्या बायकांसाठी आहे, पण तुम्हाला तक्रार आहे, तर वयासाठी थांबायचं नाही. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्तस्राव जास्त जातो म्हणता तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. जास्त रक्तस्रावावर औषधं आहेत, हार्मोनची तांबी (साधी तांबी नव्हे) बसवून कमी करायचा उपाय आहे. काही बायकांना पिशवी काढावीच लागते, मोठी गाठ असते, अंग बाहेर येतं, खरोखर कॅन्सर निघतो. तिथं मी एका शब्दानं अडवणार नाही. अठ्ठावीस वर्षांच्या बाईला पांढरं जातं म्हणून नाही.

जावेची सुटका म्हणजे काय, तेही बोलू. पाळीच्या दिवसांत काम झालं नाही तर खाडा, खाड्याला दंड, आणि उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, तर आधीच घेतलेली. म्हणजे पाळी ही पैशाची गोष्ट होऊन बसते. मग ऑपरेशनसाठी मुकादमाकडूनच आणखी उचल, आणि ती फेडायला पुढचा हंगाम. २०१९ साली हे प्रकरण गाजलं, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची विचारपूस झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहामध्ये एक. घरोघर जाऊन, दार लोटून घेऊन, बाईला एकटीला विचारल्याशिवाय असा आकडा कुणाच्या हाती लागत नाही. दवाखान्यात बसणाऱ्याला समोर एक पेशंट दिसतो. वाडीत फिरणाऱ्या सिस्टरला दिसतं की एका गल्लीतल्या पाचजणी एकाच दवाखान्यातून हेच करून आल्यात. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. तुमच्या डॉक्टरांना तेवढंच विचारून बघा : परवानगीचा अर्ज कधी करताय?

आणि पिशवीबरोबर बीजांडकोष (ओव्हरी) काढणार का, हेही विचारा. ते गेले तर तिशीच्या आत पाळी गेल्यासारखं होतं : अंगाची आग, झोप नाही, हाडं ठिसूळ. बीजांडकोष ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. जावेला पाच वर्षांनी विचारा कंबर दुखायची थांबली का.

हंगाम तोंडावर असला तरी हे गडबडीत उरकायचं काम नाही. ऑपरेशननंतर काही आठवडे जड उचलायचं नसतं आणि तुम्ही सांगताय की लगेच फडात जायचंय. गोळ्या घेऊन जा, आल्यावर पुन्हा दाखवा.

प्रश्न : मला टीबी निघाला. औषधं चालू होऊन दोन महिने झाले, बरं वाटतंय. यंत्रमागावर काम करतो. सिस्टर आणि आशा घरी येतात, त्यामुळं चाळीत सगळ्यांना कळलं आणि मालकाच्या कानावर जाईल अशी भीती आहे. त्यांना येऊ नका म्हणू का? आणि बरं वाटतंय तर गोळ्या किती दिवस?
– वाचक, सोलापूर

उत्तर : येऊ नका म्हणू नका, कुठं आणि कशा भेटायच्या ते तुम्ही ठरवा. हे सांगायला पेशंट कचरतात आणि आमच्यातल्या काही जणी विचारत नाहीत, हे मान्य. गणवेशातली बाई रजिस्टर घेऊन दाराशी उभी राहिली आणि पहिल्या मजल्यावरून नावानं हाक मारली की कुणाला सांगायचं काही उरतच नाही. मी पोरींना बजावत असे, टीबीच्या घरी जाताना आधी शेजारच्या दोन घरांत पाणी-बीपीची चौकशी करा, मग तिथं जा, म्हणजे फेरी सगळ्यांचीच दिसते. तुम्ही सरळ सांगा : मी शुक्रवारी कामावरून येताना दवाखान्यात येऊन औषध नेतो. उपचार सहाय्यक म्हणून घरचं किंवा विश्वासातलं माणूस सुचवता येतं, ती आशाच पाहिजे असं नाही.

गोळ्या सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं, नंतरचे चार महिने तीन. दोन महिन्यांत ताप-खोकला जातो, वजन भरतं, आणि नेमकं तिथंच लोक सोडतात. जंतू उरलेले असतात. ते पुन्हा उठतात तेव्हा या गोळ्यांना दाद देतीलच असं नाही, मग उपचार लांबतो आणि औषधंही जास्त त्रासाची. औषधं नेमानं घेणाऱ्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका झपाट्यानं कमी होतो, हे मालकाला कळलंच तर सांगा. दवाखान्यातून तसं पत्र मागता येतं. घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का? असेल तर त्याची तपासणी झाली का आणि त्याला प्रतिबंधाचं औषध लागतं का, हे सिस्टरला विचारा. ती घरी येते त्याचं निम्मं कारण ते मूल आहे. आणि टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात का ते बघा. नसतील तर खातं-आधारचा घोळ असतो, तोही तीच सोडवते.

प्रश्न : मी बारावीला आहे, कला शाखा. मला तुमच्यासारखं गावात काम करायचंय. एएनएम करू, जीएनएम करू, की बी.एस्सी.? मामा म्हणतात, नर्सिंग करायचंच तर मोठ्या हॉस्पिटलात कर, खेड्यात काय ठेवलंय.
– एक मुलगी, गंगाखेड

उत्तर : बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावी विज्ञान लागतं, म्हणून तुझ्यासाठी ते आता नाही. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) दोन वर्षांचं, जीएनएम (सामान्य परिचर्या-प्रसाविका) तीन वर्षांचं, दोन्हींना कला शाखा चालते. उपकेंद्रातली आरोग्य सेविका व्हायचं तर एएनएम पुरतं. माझं मत विचारशील तर घरी एक वर्ष जास्त झेपत असेल तर जीएनएम कर. पुढं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं आणि समुदाय आरोग्य अधिकारी होण्याची वाट उघडते. उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय, तिथं हा अधिकारी बसतो आणि ती जागा नर्सिंगवाल्यांनाही मिळते. बीपी-शुगरची औषधं देणं, तोंडाच्या-स्तनाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी, हे सगळं तिथं चालतं. आमच्या वेळी उपकेंद्र म्हणजे बाळंतपण, लस आणि कुटुंब नियोजन एवढंच होतं. मात्र जाहिरात नीट वाच, कंत्राटी की कायम ते. कंत्राटी पोरींचे हाल मी पाहिलेत, पगार तीन-तीन महिने लांबतो.

मामांना सांग, हॉस्पिटलातली नर्स आलेल्या पेशंटला बघते. तिचं काम कमी नाही, रात्रपाळ्या करून बघाव्यात. गावातलीला मात्र जे आले नाहीत त्यांच्या मागं जावं लागतं. तुला लोकांशी बोलायचा, दहा घरी चहा प्यायचा, शिव्या खाऊन पुन्हा त्याच दारात जायचा कंटाळा असेल तर मामांचं ऐक. ऑनलाइन नोंदीचा त्रास आहेच. एक माहिती रजिस्टरात, तीच दोन ॲपमध्ये, आणि रेंज नाही म्हणून रात्री घरी बसून. त्याबद्दल मी गोड बोलणार नाही.

प्रवेशाआधी कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता या वर्षासाठी आहे का ते स्वतः बघ, एजंटच्या तोंडी भरवशावर फी भरू नकोस. गावातल्या प्रशिक्षणासाठी ते कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात ते विचार. नाव सांगता आलं नाही तर दुसरं कॉलेज बघ. आणि आत्तापासून स्कूटी शिकून ठेव.